मासा फक्त आठ मिनिटं

मुरार, ग्वाल्हेर
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

चि. सोनिका हिला बाबांचे पोटभर आशीर्वाद.

तुझी आई आणि मी इथे ठणठणीत आहोत. तूही इंदूरला खुशाल असशील. यंदा पाऊस भरपूर झाला, तिघरा धरण काठोकाठ भरलं. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी पाण्याची पातळी किती झाली हे विचारायला मी अजून सिंचाई विभागात फोन करतो, आणि तिथली नवी मंडळी बिचारी आदराने सांगतात. पितृपक्ष चालू आहे, पण पत्र लिहायला कुणी हरकत घेतल्याचं ऐकलेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन मी दोनदा हातात घेतला होता. तू उचलला नाहीस तर काय, आणि उचललास तर काय, दोन्हींची भीती वाटली. व्हॉट्सअॅप मला जमतं, पण त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या की माणूस उत्तराची वाट बघत बसतो आणि ते माझ्या वयाला शोभत नाही. पत्र पेटीत टाकलं की आपलं काम झालं.

तर मुख्य बातमी अशी की तुझा बाप बारा किलोंनी घटला आहे. एक्क्याण्णवचे एकोणऐंशी झाले. पट्ट्याला तीन नवी भोकं पाडावी लागली आणि चौथं पाडायच्या ऐवजी मी नवा पट्टाच घेतला. तीन महिन्यांच्या साखरेचा तो जो आकडा असतो, तो मार्चअखेर दहा पूर्णांक चार होता, आता साडेसहा आहे. रक्तातली चरबी चारशे दहावरून एकशे अठ्ठावन्नवर आली. हे मी तुला बढाई म्हणून सांगतोय. उगाच नम्रपणा करणार नाही. आपल्या घराण्यात लढाईवरून परत आलेल्यांनी कधी नम्रपणा केल्याचं ऐकिवात नाही.

आणि हे सगळं मटण सोडून केलं. हो, मी. धुळवडीनंतर आजपर्यंत मटणाचा एक तुकडा माझ्या तोंडात गेलेला नाही. कोंबडीसुद्धा नाही. आठवड्यातून चार दिवस मासा, बाकीचे दिवस डाळी, मूग, दही, ताक. ताटाचे चार भाग करायचे, त्यातले दोन भाजी-कोशिंबिरीचे, एक डाळीचा नाहीतर माशाचा, आणि उरलेल्या एकात ज्वारी-बाजरीची भाकरी. भात रविवारी एक वाटी. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत आणि दोन्ही जेवणांनंतर वीस मिनिटं चालणं. गोळ्या चालू आहेतच, त्या मनाने बंद करायच्या नाहीत अशी सक्त ताकीद आहे. बाडा चौकातल्या कचोरीच्या दुकानासमोरून मी हल्ली मान ताठ ठेवून जातो. दुकानदार आतून हाका मारतो, "बाबूजी, नाराज हो क्या?"

हा तक्ता कुणी बनवला, तर तुझ्या आईच्या म्हणण्याप्रमाणे भोपाळच्या एका मॅडमनी. फोनवरून सल्ला देतात म्हणे. बाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्यांच्याविषयी माझं मत फार चांगलं आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिल्या माशाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एप्रिलात मी मुरारच्या बाजारात गेलो. तुझ्या आजोबांनी मटण कसं पारखायचं ते मला शिकवलं होतं. मासा ही गोष्ट आपल्या घरात आजाऱ्याला किंवा पाहुण्यांतल्या बंगाल्याला द्यायची. मासेवाला म्हणाला, "आँख देखो इसकी बाबूजी, सुबह की है।" मी डोळ्यात बघितलं. माशाने माझ्या डोळ्यात बघितलं. आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. मी सव्वा किलोचा रोहू घेऊन घरी आलो.

मग अंगणातली चूल पेटवली. मटण आपल्या घरात पुरुषांनीच करायचं, तेही घराबाहेरच्या चुलीवर, त्यामुळे स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर मासा करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. कांदा लालसर परतला, मसाला तेल सुटेपर्यंत भाजला, मासा घातला, वर झाकण, झाकणावर पाणी, आणि मंद आचेवर दीड तास. मधे दोनदा तळापासून हलवलंसुद्धा. दीड तासाने झाकण काढलं. तुझी आई ताट घेऊन उभी. तिने पळी फिरवली, परत फिरवली आणि म्हणाली, "अहो, पण मछली कुठे गेली?"

मछली गेली होती. काटे तेवढे शिल्लक होते, ते आम्ही मोजून बाहेर काढले आणि रश्शात भाकरी कुस्करून खाल्ली. चव छान होती, हे मी आजही म्हणतो.

त्या दुपारी तुझी आई स्वयंपाकघराचं दार लोटून फोनवर मॅडमशी बोलत होती. मला वाटलं, माझी तक्रार चालली आहे. मी दाराशी गेलो. आई सांगत होती, "दीड तास शिजवली गं!" आणि फोनमधून हसण्याचा आवाज आला. आधी एक मोठा हुंकार, मग श्वास अडकल्यासारखी शांतता, आणि मग एकदम फुटलेलं हसू. थाटीपुरच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुझी आजी तुझ्या त्या हसण्याला घाबरायची, पोरीचा श्वास कोंडला म्हणायची. मी तिथेच दाराला टेकून उभा राहिलो. दीड वर्ष झालं होतं ते ऐकून. आई बाहेर आली तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती म्हणाली, "मॅडम म्हणतात, मासा फक्त आठ मिनिटं." मी म्हणालो, "मॅडमना सांग, ठीक आहे."

संशय मला आधीच आला होता. तक्त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'देवघरात खंडोबाच्या टाकामागे पेढ्याचा डबा असतो, तो रिकामा करावा.' भोपाळच्या बाईंना खंडोबाने स्वप्नात येऊन सांगितलं काय? तो डबा मला आणि लहानपणी माझ्याबरोबर त्यातले पेढे खाणाऱ्या एका मुलीला, एवढ्यांनाच ठाऊक होता. तुझ्या आईलाही तो त्या दिवशी कळला, आणि त्यावरून मी जे ऐकलं ते वेगळंच. पुढे आषाढात धरणावरची मासेमारी बंद झाली, तर तुझा नवा तक्ता तयार. श्रावणात आपण काही खात नाही, तर महिनाभराची उसळींची यादी न मागता आली. एवढी बारीक माहिती असलेली मॅडम सबंध मध्य प्रदेशात एकच आहे.

मी मात्र काही बोललो नाही. उलट आता एक कबुली देऊन टाकतो. कतला मासा तळाला लागून पातेलं काळं झालं ते, आणि ताकात मिठाऐवजी खायचा सोडा पडला ते, या दोन्ही चुका मी मुद्दाम केल्या होत्या. तुझी आई लगेच दार लोटून फोन करायची आणि मी दाराशी जाऊन उभा राहायचो.

चुका केल्या तशी विद्याही आली हं. आता माझ्या हातचा रोहू खायला शेजारचे मानसिंगराव वाटी घेऊन कुंपणाशी येतात. हळद-मीठ लावून अर्धा तास, मग एक चमचा मोहरीचं तेल, लसूण, आणि बाकीचं मी पत्रात लिहिणार नाही. चूल तीच. चुलीला काही फरक पडत नाही असं दिसतं.

जेवायची वेळ झाली, थांबतो. आज मुगाची धिरडी आणि पडवळ आहे. पडवळाबद्दल मॅडमशी माझा मतभेद आहे.

संध्याकाळ, सहा वाजले.

दुपारी वर जे लिहिलं ते पुन्हा वाचलं. सगळी मजामजाच लिहिली आहे. जे सांगायला बसलो होतो ते राहिलंच.

धुळवडीच्या दिवशी मी अंगणात मटण करत होतो. माझे थोरले दादा आणि वहिनी यायचे होते. मी अनवाणी उभा होतो, आपण चुलीपाशी चप्पल घालत नाही. कसला तरी जळका वास आला. मला वाटलं मसाला लागला, म्हणून मी पळीने तळ खरवडला. वास जाईना. मग तुझी आई ओरडली, "अहो, पाय! पाय!" माझ्या डाव्या पायाखाली निखारा होता. किती वेळ होता कोण जाणे. मला काहीच लागलं नव्हतं, सोनू. माझंच मांस जळत होतं आणि मी मटणात पळी फिरवत होतो.

ती जखम भरेना. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडत चाललं. आपले डॉक्टर अंबरीश म्हणाले, "काका, शुगर अशीच राहिली ना, तो फिर ही दोन बोटं काढावी लागतील. और वहाँ रुकेगा, याची गॅरंटी नाही." त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. घरी येताना तुझ्या आईला मी शपथ घातली की सोनिकाला शुगर वाढली एवढंच सांगायचं, पायाचं अक्षर काढायचं नाही. तू कळल्याबरोबर धावत आली असतीस. भीतीने आली असतीस. तशी तू यायला नको होतीस मला.

म्हणजे तुझ्या आईकडे एकीकडून तक्ता तुझा आहे हे न सांगण्याची तुझी शपथ, दुसरीकडून माझी. सहा महिने ती बाई दोन्ही शपथा सांभाळत दोघांना जेवायला काय घालायचं ते ठरवत होती. तिची तारीफ करावी तेवढी थोडी.

जखम जुलैअखेर कोरडी झाली. दोन्ही बोटं जागेवर आहेत. परवा मी करंगळीला टाचणी टोचून बघितली आणि कळ मस्तकात गेली. इतका आनंद मला रिटायरमेंटच्या हारतुऱ्यांनी झाला नव्हता.

आता दुसरं. दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तू जेवणावरून उठून गेलीस, ते मटणाच्या दुसऱ्या वाढीवरून, असं मी सगळ्यांना सांगत आलो. 'पोरीने पाहुण्यांदेखत बापाला टोकलं, बाप रागावला.' सांगून सांगून मलाही ते पटायला लागलं होतं. पण ते खरं नाही, आणि ते तुला नि मला दोघांनाही ठाऊक आहे.

शस्त्रपूजा झाल्यावर मी मसाल्याचं प्रमाण युवराजच्या कानात सांगितलं. दादांचा मुलगा, मला मुलगा नाही, म्हणून तो. माझ्या वडिलांनी मला सांगितलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. तू चुलीपाशी उभी होतीस. तू हसत म्हणालीस, "बाबा, मला पण सांगा ना. मैं भी तो इसी घर की हूँ." त्या दिवशी तू नोकरीचं पत्र घेऊन आली होतीस, इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून. पत्र तुझ्या पर्समध्ये होतं, मला दाखवायला आणलेलं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ही चूल पोरींची नाही. तू लोकांच्या ताटातले घास मोजायला शिकलीस ना, तेच मोज." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या वाढीची गोष्ट त्यानंतरची. ते पत्र मी अजून पाहिलेलं नाही.

मी स्वतः काय केलं आयुष्यभर? घरात पणजोबांची तलवार आहे, पण मी ती दसऱ्याला फुलं वाहण्यापलीकडे हातात धरलेली नाही. पस्तीस वर्षं मी धरणाच्या भिंतीवरच्या पट्टीवर पाणी किती आहे ते बघून रजिस्टरमध्ये लिहिलं. मोजलंच. आणि त्या मोजण्याचा मला अभिमान होता, कारण आकडा चुकला तर खालची गावं बुडतात. तू मोजलंस म्हणून तुझा बाप दोन पायांवर उभा आहे. तुला त्या दिवशी जे बोललो ते वाईट बोललो. चुकलो मी. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून वाक्य छोटं आहे.

युवराजचं विचारशील तर, गेल्या दसऱ्याला मी मुद्दाम त्याच्याकडे चूल सोपवली. बारा वाजले तरी धूर नाही. विचारलं तर म्हणतो, "काका, टेन्शन नका घेऊ, ऑर्डर कर दिया।" हॉटेलातून डबे आले आणि ते त्याने आपल्या हंडीत ओतले. वाईट मुलगा नाही तो. पण त्या दिवशी मी तीन वेळा वाढून घेतलं, ते रागाने.

आता बुधवारची गोष्ट सांगतो आणि संपवतो.

बुधवारी रिपोर्ट आले. दवाखान्यात गर्दी होती, पंधरा-वीस माणसं असतील. डॉक्टर अंबरीश स्वतः कागद घेऊन बाहेर आले. ते आपल्यातलेच, दक्षिणी मराठी, पण पक्के शाकाहारी. मासा हा शब्द उच्चारतानाही थोडे अवघडतात. म्हणाले, "काका, असे रिपोर्ट मी कमच बघतो. हा डाएट चार्ट बनवला कुणी?" तुझ्या आईने सवयीने तोंड उघडलं, "भोपाळच्या मॅडम..."

मी म्हणालो, "नाही. माझ्या मुलीने."

डॉक्टर म्हणाले, "अच्छा? वो डाएटिशियन है?" आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो आणि सगळ्या दवाखान्याला सांगितलं. "हमारी बेटी है, सोनिका. इंदौर में बड़े अस्पताल में है। मेरा पाँव उसी ने बचाया है।" मी इतका मोठ्याने बोललो की कंपाउंडर आतून धावत आला, त्याला वाटलं भांडण लागलं. डॉक्टरांनी माझ्या फाइलमध्ये आहारतज्ज्ञाच्या रकान्यात नाव लिहायला पेन उघडलं. मी सांगितलं, मीच लिहितो. 'सोनिका दिनकरराव जगदाळे' असं सावकाश, वाचता येईल असं लिहिलं. तिघांनी तुझा नंबर मागितला. तुला विचारल्याशिवाय मी दिला नाही.

रिक्षाने आम्ही मुरारला परतलो. घराचं कुलूप काढताना तुझी आई म्हणाली, "कधीपासून माहीत होतं?" मी म्हणालो, "विरघळलेल्या मछलीपासून." मग ती रडली, मग माझ्यावर पंधरा मिनिटं रागावली, आणि मग दोघांनी मिळून साडेसातच्या आत जेवून घेतलं.

दसरा बारा ऑक्टोबरला आहे, शनिवारी. यंदा चुलीवर मासा होणार. दादांना कळवलं, तर संभाजीराव म्हणून सगळ्या लष्कर भागात ज्यांचा दरारा आहे ते आपले थोरले म्हणाले, "दिनू, शस्त्रांपुढे मछली ठेवणार? लोग क्या कहेंगे?" मी म्हणालो, "दादा, तलवारीला शुगर नाही, मला आहे." ते येणार आहेत. त्यांच्या पायाला मुंग्या येतात असं वहिनी हळूच आईला म्हणाल्या आहेत, तेव्हा त्यांचंही ताट तुला बघावं लागेल.

मटणाचा मसाला माझ्याकडे वडिलोपार्जित आला होता. तो ज्याला दिला त्याला दिला, परत घेता येत नाही. माशाचा मसाला माझा स्वतःचा आहे. तो मी अजून कुणाच्या कानात सांगितलेला नाही, तुझ्या आईच्याही नाही. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सगळ्यांसमोर तुला सांगायचा आहे. मग चूल तू पेटवायचीस, मी बाजूला उभा राहून घड्याळ बघेन. येताना ते नोकरीचं पत्र आण.

सुट्टी मिळाली नाही, किंवा यावंसं वाटलं नाही, तरी मी रागावणार नाही. तक्ता मात्र पाठवत राहा, आणि आता तो भोपाळहून नको. तुझ्या नावाने पाठव, खाली सही करून.

तुझ्या आईचा आशीर्वाद वेगळा लिहीत नाही, ती फोनवर देतेच. सरकारी कागदांवर मी जन्मभर नावापुढे बापाचं नाव लिहीत आलो. आज पहिल्यांदा ते उलटं लिहावंसं वाटतंय, तेव्हा तशीच सही करतो.

सोनिका जगदाळेचा बाप,
दिनकर